नवरा जर्मन, नियम मात्र मला पाठ

"तुला काय बाई, नवराच तिकडचा, व्हिसा बसल्या जागी मिळाला असेल." हे मला सातारच्या मावशीपासून पुण्यातल्या जुन्या ऑफिसच्या एचआरपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. आणि अधूनमधून कुणी ना कुणी मुलगी मेसेज करतेच की ताई, माझा बॉयफ्रेंड जर्मन आहे, लग्न करून तिकडं जायचंय, काय काय लागतं, तो तर म्हणतो काहीच लागत नाही. प्रत्येकीला वेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

तर पहिली गोष्ट, "तो म्हणतो" यावर अजिबात जाऊ नका. तो बिचारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. जर्मन माणूस जन्मात कधी आउसलेंडरबेहोर्डची, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसची, पायरी चढलेला नसतो, त्याचं काही काम पडलेलंच नसतं तिथं. आमच्या ह्यांना तर असं एक ऑफिस त्यांच्याच गावात, ते शाळेत जायचे त्या रस्त्यावर आहे हेच मुळात माझ्यामुळं कळलं.

हसू नका, आपलंही तेच असतं. आमचं लग्न ठरल्यावर हा पहिल्यांदा साताऱ्याला आमच्या घरी राहायला आला (तेव्हा तो पुण्यात नोकरी करायचा, एम्प्लॉयमेंट व्हिसावर). येताना गाडीत मला म्हणतो, तुझ्या बाबांना माझा सी फॉर्म भरायला लागेल. मी म्हटलं कसला सी फॉर्म. तर परदेशी माणूस कुणाकडं राहायला आला की घरमालकानं 24 तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरून कळवायचं असतं, हॉटेलवाले भरतात तोच, घरात ठेवला तरी भरायचा. मला आयुष्यात माहीत नव्हतं. बाबा आधी चिडले, जावई घरी आला तर पोलिसांना कशाला सांगायचं, मग चष्मा लावून बसले लॅपटॉपसमोर, पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, कुठून आला, कुठं जाणार, आणि "पाहुण्याशी नातं" असलं काही त्यात विचारतायत का म्हणून दोनदा खालीवर करून बघितलं. मग आईनं आतून विचारलं, झाला का हो फॉर्म, पोळ्या गार होतायत.

म्हणजे नियम ज्याला लागतो त्यालाच तो माहीत असतो. भारतात असताना सगळे त्याला पाठ होते, इकडं आल्यावर मला. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निम्मे वाद होत नाहीत.

आता लग्न. आम्ही पुण्यात स्पेशल मॅरेज ॲक्टखाली केलं, 1954 चा कायदा आहे तो. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात 30 दिवस राहिलेला पाहिजे, मग नोटीस द्यायची, ती नोटीस 30 दिवस सगळ्यांना दिसेल अशी लागते, कुणाची हरकत नसेल तर तीन साक्षीदार घेऊन जायचं आणि सह्या करायच्या. वाचायला सोपं वाटतं. पण जर्मन माणसाकडं एक दाखला मागतात, तो लग्नाला मोकळा आहे असा, तो त्याच्या गावच्या श्टांडेसआम्टमधून (म्हणजे तिकडचं जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचं ऑफिस) आणायचा असतो, तो सहाच महिने चालतो, आणि तो देण्याआधी ते लोक माझेही कागद मागतात. म्हणजे माझे कागद जर्मनीला, त्यावर त्याचा दाखला, तो दाखला पुण्याला, मग नोटीस, आणि हे सगळं सहा महिन्यांच्या आत बसवायचं. त्यात मधे दिवाळी आली तर मग बघायलाच नको.

पुष्कळ जण सांगतात डेन्मार्कला जाऊन लग्न करा, तिथं कागद कमी लागतात, पटकन होतं. खरंय, बरीच जोडपी करतात. पण टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथं लग्न केलं म्हणजे तसंच पुढं जर्मनीत राहता येतं हा जो समज आहे तो डोक्यातून काढा. साधारणपणे परत भारतात येऊन फॅमिली व्हिसाचीच लाइन धरावी लागते. लग्न झटपट होईल, व्हिसा नाही.

आणि आता ए-वन, ज्यावर मी तासभर बोलू शकते. जर्मन नागरिकाच्या बायकोला (किंवा नवऱ्याला) येण्याआधी जर्मन भाषेची ए-वन परीक्षा पास व्हावी लागते. 2007 पासून आहे हा नियम. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, 100 पैकी 60 मार्क पाहिजेत. परीक्षा तशी अवघड नाहीये, पुण्यात तर जर्मन शिकवणाऱ्यांची कमी नाही, बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि पेठांमध्ये गल्लोगल्ली क्लासेस आहेत. बोलण्याच्या भागात स्वतःची ओळख करून द्यायची, आपलं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगायचं, एखादा नंबर सांगायचा, मग चिठ्ठ्या उचलून एकमेकांना प्रश्न विचारायचे. माझ्यासोबत एक कोल्हापूरची नवी नवरी होती, तिला चिठ्ठी आली "रविवार", तर तिनं मला विचारलं रविवारी तुम्ही काय करता, आणि मी अगदी झोकात सांगितलं की रविवारी मी झोपते. व्याकरण बरोबर होतं, परीक्षक बाई हसल्या पण.

राग मला परीक्षेचा नाही, राग आहे तो कुणाला लागते आणि कुणाला नाही याचा. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा नवरा आपला नाशिकचा मुलगा, सॉफ्टवेअरमधला, ब्लू कार्डवर (म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना) म्युनिकला गेला. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला ए-वन लागत नाही, ती हौस म्हणून शिकत होती. बायको अमेरिकन, जपानी, ऑस्ट्रेलियन असेल तरी लागत नाही, त्या तर व्हिसा न काढता थेट येऊन इथंच राहायच्या कार्डासाठी अर्ज करू शकतात. आणि सगळ्यात कडी म्हणजे माझा नवरा जर इटालियन असता आणि जर्मनीत नोकरी करत असता, तर युरोपियन युनियनचा नियम लागला असता आणि मला जर्मनचं एक अक्षर आलं नसतं तरी चाललं असतं. म्हणजे जर्मनीत येऊन राहायला सगळ्यात जास्त भाषा कुणाच्या बायकोला यायला पाहिजे, तर जर्मन माणसाच्या! ज्याच्या घरात सासू-सासरे, नणंद, सगळं खानदान जर्मन बोलतंय, जिथं ती आपोआप शिकणारच आहे, तिलाच दारात अडवून विचारायचं बोल बघू. हे मी ह्याला सांगितलं तर त्याला पटेना, म्हणतो असं कसं असेल. मग मी कायद्याचं पान उघडून दाखवलं. शांत बसला.

बरं, एवढं बोलले म्हणून अन्याय नको, काही गोष्टी आमच्या बाजूनं चांगल्या पण आहेत. जर्मन नागरिकाच्या बायकोला व्हिसाची फी माफ असते (एरवी 75 युरो). नवऱ्याचा पगार अमुक एवढा पाहिजेच अशी अटही सहसा घालत नाहीत. माझी एक मैत्रीण इंग्रज माणसाशी लग्न करून बसलीय, तिकडं एप्रिल 2024 मध्ये पगाराची अट 18,600 वरून एकदम 29,000 पौंड केली, तो बेकरीत काम करतो, ती दोघं कशी झोपली असतील तेव्हा देव जाणे. आणि इकडं पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करायची परवानगी असते, वेगळं काही मागावं लागत नाही. हे फार मोठं आहे, याची किंमत अमेरिकेत एच-फोरवर (नोकरदाराच्या बायकोचा व्हिसा) घरी बसलेल्या बायकांना विचारा.

कागदपत्रांचं मात्र नीट ऐका. भारतात सगळे एजंट म्हणतात अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो शिक्का) करून घ्या, अपोस्टिल करून घ्या. भारत त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात 2005 साली गेला, पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली आहे, त्यामुळं आपल्याकडचं अपोस्टिल जर्मनीच्या कामाला येत नाही. त्याच्याऐवजी जर्मन दूतावासवाले कागदांची प्रत्यक्ष पडताळणी करतात, त्यांचा वकील किंवा त्याचा माणूस त्या त्या ऑफिसात जाऊन रजिस्टर बघून येतो. याला महिने लागतात आणि खर्च आपल्याच खिशातून. प्रत्येक केसला लागतेच असं नाही, आम्हाला लागली. त्यामुळं शिक्क्यांवर पैसे घालण्याआधी आपल्या केसला नेमकं काय लागणार ते त्यांच्याच वेबसाइटवर वाचा, आणि वाचताना तारीख बघा, जुन्या याद्या अजून फिरतायत.

माझ्या जन्माच्या दाखल्याची तर वेगळीच मजा. नगरपालिकेतून काढून आणला तर त्यात आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, दवाखान्याचं आहे, आणि बाळाचं नाव या रकान्यात काहीच नाही, आडवी रेघ. त्या काळात दवाखान्यातून नोंद जायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं, आणि नंतर कुणी नाव घालायला जायचंच नाही. आमच्या वयाच्या अर्ध्या लोकांचे दाखले असेच आहेत, काढून बघा एकदा. मग बाबांनी शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, अर्ज, सगळं घेऊन खेटे घातले आणि नाव लावून घेतलं. पुढं पडताळणीवाला माणूस गेला तेव्हा रजिस्टरमध्ये मूळ नोंद एका शाईत आणि माझं नाव वेगळ्या शाईत, म्हणून त्यानं बाबांनाच फोन लावला. बाबांनी त्याला माझ्या जन्माची पूर्ण कथा सांगितली, पाऊस किती होता इथपासून. त्यामुळंच पास झालं असं बाबांचं ठाम मत आहे.

लग्न खोटं आहे असा संशय आला तर दोघांना एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी बसवून प्रश्न विचारतात, पहिली भेट कुठं झाली, घरी कुणाकुणाला माहीत आहे, बोलता कुठल्या भाषेत. आमच्यावर ती वेळ आली नाही. पण फोटो, तिकिटं, चॅट जपून ठेवा, नुसते लग्नातले नटलेले फोटो नकोत, साधे पण ठेवा, आईच्या वाढदिवसाचे, ट्रेकचे, भाजी आणायला गेल्याचे.

मग 2022 मध्ये आले एकदाची. स्टुटगार्टपासून थोडं लांब एक छोटं गाव आहे. उतरल्यावर दोन आठवड्यांच्या आत आन्मेल्डुंग, म्हणजे या पत्त्यावर मी राहते अशी नोंद, घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन. त्यात आमचा घोळ असा की मी लग्नानंतर आडनाव बदललं नाही, आणि पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये माझं नाव आणि बाबांचं नाव असं दोन्ही आहे, आपल्याकडं असतं तसं. त्या बाईंना वाटलं माझीच दोन नावं आहेत. तेव्हापासून जर्मन सरकारी पत्रांमध्ये मी बाबांच्या नावानं पण वावरते. आता सवय झालीय. डॉक्टरकडं कधीकधी बाबांच्याच नावानं हाक मारतात आणि मी उठून आत जाते.

खरी गोची झाली ती पत्रपेटीवर. इकडं सगळं पोस्टानं येतं, टॅक्सचा नंबर, इन्शुरन्सचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं. आणि पेटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, सरळ परत पाठवतो. पेटीवर नवऱ्याचं आडनाव होतं, माझं नव्हतं. ह्याला सुचलंच नाही, कारण त्याचं नाव कायम होतंच ना पेटीवर! कितीतरी पत्रं परत गेली, त्यात त्या परदेशी ऑफिसची तारीख पण होती. मग एका संध्याकाळी खाली गेले आणि पांढऱ्या टेपवर मार्करनं ठळक आडनाव लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटवलं. ज्या मुली लग्नानंतर नाव बदलणार नाहीत त्यांनी विमानातून उतरल्या उतरल्या हे आधी करा, बॅगा नंतर उघडा.

परदेशी ऑफिसात टेरमीन, म्हणजे अपॉइंटमेंट, मिळणं हा सगळ्यांचाच रडका विषय आहे, त्यात शिरत नाही. एवढंच सांगते की व्हिसा संपायच्या आत अर्ज गेलेला पाहिजे, ईमेलनं का होईना, आणि तो पाठवल्याचा पुरावा ठेवा. कार्ड यायला उशीर झाला तर ते मधल्या काळासाठी एक घडीचा कागद देतात, फिक्त्सिओन्सबेशाईनिगुंग म्हणतात (मी ते नाव बिनचूक उच्चारते, हीच माझी बी-वन, म्हणजे ए-वनच्या वरची परीक्षा), त्यावर चौकोन असतात आणि कुठल्या चौकोनावर फुली मारलीय त्यावर तुम्ही देशाबाहेर जाऊन परत येऊ शकता की नाही हे ठरतं. लोक ते न बघता भारताचं तिकीट काढतात. माझ्या पहिल्या भेटीला हा सोबत आला होता, टाय लावून, आपण इथलेच आहोत तर आपलं ऐकतील अशा थाटात. आतल्या माणसानं ह्याचं ओळखपत्र बघितलं, बाजूला ठेवलं आणि पुढचा सगळा वेळ माझ्याशी बोलला. बाहेर आल्यावर म्हणतो, मला पुढच्या वेळी यायची गरज आहे का? मी म्हटलं आहे, तुझी सही लागते, तू अजून माझ्यासोबत राहतोस म्हणून.

हे मी चेष्टेत सांगते, पण त्या सहीकडं जरा गंभीरपणे बघा. हे कार्ड लग्नावर उभं असतं. पहिली तीन वर्षं एकत्र संसार जर्मनीत झाला नाही आणि त्याआधीच वेगळं व्हायची वेळ आली, तर राहायचा हक्क डळमळीत होतो. तीन वर्षांनंतर तो तुमचा स्वतःचा म्हणून मिळवता येतो. घरात मारहाण, छळ असलं काही असेल तर तीन वर्षांची वाट बघायची गरज नाही, कायद्यात त्यासाठी वेगळी सोय आहे, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण इंटिग्रेशन कोर्समध्ये माझ्या शेजारी बसणारी एक बाई "मी बोलले तर मला परत पाठवतील" एवढ्या एका भीतीनं दोन वर्षं गप्प होती. तिला नियम कुणी सांगितला होता? तिच्या नवऱ्यानं. म्हणून म्हणते, नवरा कितीही सोन्यासारखा असू दे, माझा आहेच, तरी आपल्या कार्डावर काय छापलंय ते आपण वाचायचं, पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवायचा, बँकेत खातं आपल्या नावाचं काढायचं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, बरोबर आहे, माझं पण वेगळं खातं आहे, त्यांना माहीत नाही.

तो इंटिग्रेशन कोर्स म्हणजे भाषेचे 600 तास आणि जर्मनीच्या इतिहास-कायद्याचे 100 तास. शेवटी 33 प्रश्नांची परीक्षा, ते 310 प्रश्नांच्या यादीतून येतात, यादी सगळ्यांना उघड आहे. मी पाठ केली. मग एका रविवारी नाश्त्याला सासरच्या सगळ्यांना त्यातलेच प्रश्न विचारले. दीर पास झाला. नवऱ्याचं मी सांगत नाही.

आता तीन वर्षं झाली. बी-वन आहे, म्हणून पर्मनंटसाठी अर्ज करता आला. नागरिकत्वही मागता येतं, जर्मन माणसाच्या बायकोला तीन वर्षं राहणं आणि दोन वर्षांचं लग्न पुरतं. ऑक्टोबर 2025 मध्ये जी तीन वर्षांची फास्ट स्कीम बंद झाली ती वेगळी, ती भाषेत-कामात विशेष पुढं गेलेल्यांसाठी होती, नवरा-बायकोवाला नियम आहे तसाच आहे, त्यामुळं घाबरून मेसेज करू नका. जून 2024 पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं. पण आपल्याला चालत नाही! जर्मन पासपोर्ट घेतला की भारताचा जमा करायचा आणि ओसीआय (भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) घ्यायचं. सगळे म्हणतात ओसीआय आहे ना, सेमच आहे की. सेम नाहीये. मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते, पण बांधाला लागून दहा गुंठे विकायला निघाले तर घेता येणार नाहीत. बाबांना पासपोर्टचं काही वाटलं नाही, ते लगेच म्हणाले सातबाऱ्यावर नाव राहील का. राहील म्हटलं. मग म्हणाले शेजारचा तुकडा मी आहे तोवर घेऊन ठेवतो.

माझं अडलंय ते आईवर. मार्च 2024 पासून नव्यानं येणाऱ्या ब्लू कार्डवाल्यांना आई-वडिलांना आणायची वाट उघडलीय, अटी आहेत, पण वाट आहे. माझं कार्ड लग्नाचं, त्यात ती सोय नाही. आईला आणायचं तर शेंगेन व्हिसा, 30,000 युरोचा इन्शुरन्स, नवऱ्याचं हमीपत्र, आणि 90 दिवस झाले की परत. गुडघ्याचं ऑपरेशन इथं करू म्हटलं तर तेही त्यात बसत नाही. त्यावर सध्या आमच्या घरी उलटीच चर्चा चाललीय, की आपणच दोन-तीन वर्षं साताऱ्याला जाऊन राहावं. ह्याचं काम ऑनलाइन होण्यासारखं आहे. आणि लग्न नोंदवून दोन वर्षं झालेली असल्यामुळं ह्यालाच ओसीआय मिळू शकतं, माझ्या आधी! परवा त्याचा फॉर्म उघडला. वडिलांचं नाव, पाकिस्तान किंवा बांगलादेशाशी कधी संबंध होता का, असं सगळं विचारलंय, आणि फोटो दोन बाय दोन इंचाचा पाहिजे, इथल्या फोटोवाल्याला तो साइज सांगितला तर तो माझ्याकडंच बघत बसला. नवरा मागून येऊन विचारतो, यात मला काय काय लागेल? मी म्हटलं तू फक्त फोटो काढून ये.